समासातली प्रश्नचिन्हं

परीक्षेला पंचेचाळीस दिवस उरले होते तेव्हा माझ्या टेबलावर उताऱ्यांची तीन पुस्तकं होती. तिन्ही मिळून दोनशे चौदा उतारे, प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्यांतले एकशे एकतीस उतारे सोडवून झाले होते, म्हणजे सहाशे पंचावन्न प्रश्न. बरोबर आलेली उत्तरं तीनशे पन्नास. शिवाय एक स्टॉपवॉच, दोन टोकदार पेन्सिली, एक बोथट, एक खोडरबर आणि एक आलेखवही. या वहीत मी रोजचे गुण ठिपक्यांनी मांडत होते. ठिपके जोडणारी रेघ महिनाभर आडवीच चालली होती.

तीनशे पन्नास भागिले सहाशे पंचावन्न म्हणजे त्रेपन्न पूर्णांक चार टक्के. हवे होते साठ.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे दोन भाग असतात. एक विषयाचा, शंभर गुणांचा. दुसरा आकलनाचा, तीस गुणांचा. आकलनात अठरा मिळाले नाहीत तर विषयात कितीही मिळोत, ते धरत नाहीत. पहिल्या वर्षी मला विषयात एक्क्याण्णव आणि आकलनात पंधरा मिळाले. दुसऱ्या वर्षी त्र्याण्णव आणि सोळा. वर्षाला एक गुण या वेगाने मी चौथ्या वर्षी पास झाले असते, पण पदवीनंतर परीक्षा तीनदाच देता येते. नद्यांच्या गाळावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकबाईंनी माझ्यासाठी दोन वर्षं जागा रिकामी ठेवली होती. या वेळी त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "मला तूच हवी आहेस. पण यंदा नाही जमलं तर मी दुसऱ्या कुणाला तरी घेईन. रागावू नकोस."

रागावण्यासारखं काही नव्हतंच. मी दिवसभर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते आणि सकाळी सहा ते आठ उतारे सोडवत होते.

माझा पहिला अंदाज असा होता की माझा वाचनाचा वेग कमी आहे. म्हणून मी आठवडाभर उताऱ्याला आठ मिनिटं दिली, पुढचा आठवडा बारा. फरक पडला नाही. मग खिडकीजवळ बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर पाहिलं. फरक नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम करते. माझे प्रयोग बघून ती म्हणाली, "मी कापडाला एकदा माप लावते आणि कात्री चालवते. तू नुसतीच टेप लावत बसलीयस."

"चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय कात्री कुठे चालवू?"

"ते मला नको विचारूस. मी पदवीधर नाही."

त्याच आठवड्यात मामा आमच्याकडे राहायला आला. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. एकटाच राहतो. एकतीस वर्षं तो एका छापखान्यात प्रूफं तपासतोय. औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, बसची वेळापत्रकं, कसल्या कसल्या नियमावल्या. त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी तीन आठवडे वाचायला बंदी केली होती. डावा डोळा आधीपासूनच नावापुरता. डोळ्यावर हिरवी जाळीदार वाटी चिकटवून तो दिवसभर खुर्चीत बसायचा आणि आईचा जीव खायचा.

"त्या डब्यावर काय लिहिलंय गं?"

"साखर."

"आणि खाली बारीक अक्षरात?"

"दादा, तू एक तर झोप, नाहीतर गप्प बस."

"दोन्ही एकदम केलं तर चालेल?"

चौथ्या दिवशी आईनेच तोडगा काढला. "हिचे उतारे ऐक तू," ती मामाला म्हणाली. "ही मोठ्याने वाचेल, तू उत्तरं दे. तुमचा दोघांचा वेळ जाईल आणि मला घरात शांतता मिळेल."

"मला कुठे त्यातलं काही कळतंय?" मामा म्हणाला. पण तोपर्यंत त्याने खुर्ची माझ्या टेबलाकडे सरकवली होती.

त्याला गंमत वाटावी म्हणून मी ज्याच्याशी माझं जुनं वैर होतं तो उतारा काढला. हिवाळ्यातल्या एका तळ्याचं वर्णन होतं. लेखक फिरायला जातो, तळं वरून गोठलेलं बघतो, आणि सांगतो की पाणी गोठताना त्यात हवा अडकते, म्हणून बर्फ हलका होतो आणि तरंगतो. तिसरा प्रश्न होता, लेखकाच्या मते बर्फ पाण्यावर का तरंगतो? मी चारही पर्याय वाचले. अ, तो थंड असतो म्हणून. ब, गोठताना रेणूंची रचना मोकळी होते म्हणून. क, तळ्याच्या पाण्यात क्षार असतात म्हणून. ड, त्यात हवा अडकते म्हणून.

"ड," मामा म्हणाला.

"चूक."

"चूक कशी? तूच तर आत्ता वाचलंस."

"मामा, पुस्तकातही ड हेच उत्तर दिलंय, पण ते चूक आहे. अजिबात हवा नसलेला बर्फसुद्धा तरंगतो. खरं कारण ब."

"असेल बाई. पण विचारलंय काय?"

"बर्फ का तरंगतो."

"त्याच्या आधी दोन शब्द होते."

मी पुन्हा पाहिलं. "लेखकाच्या मते."

"मग झालं तर. लेखकाचं मत विचारलंय. तुझं कुणी विचारलंय का?"

"कुणी न विचारता देते ती," आई आतून म्हणाली.

मी म्हटलं, मामा, हे तुझ्या एकट्याचं मत आहे, खुद्द प्रकाशकांनी माझं म्हणणं मान्य केलंय. आणि ते खरंच होतं. सात महिन्यांपूर्वी मी पुस्तकाच्या प्रकाशकांना अडीच पानी पत्र लिहिलं होतं, रेणूंची आकृती काढून. त्याचं उत्तर आलं होतं आणि ते मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

"वाच बघू," मामा म्हणाला.

मी जागेवरूनच म्हणून दाखवलं, कारण मला ते पाठ होतं. "आपण मांडलेलं कारण विज्ञानाच्या दृष्टीने पूर्णपणे योग्य आहे."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. सही."

मामा उठून भिंतीजवळ गेला. नाक जवळजवळ कागदाला लागेल इतका जवळ गेला. "मजकूर नाही दिसत मला," तो म्हणाला, "पण ओळी दिसतात. दोन आहेत. मग थोडी जागा, मग सही."

मी उठून गेले. दुसरी ओळ होती. 'मात्र प्रश्न लेखकाच्या मताविषयी असल्याने कृपया उतारा पुन्हा वाचावा.'

हा कागद सात महिने माझ्या डोळ्यांपासून दोन हातांवर लटकत होता. मामा परत खुर्चीत जाऊन बसला. आई मात्र दारात येऊन इतकी हसली की तिला चौकटीला धरावं लागलं. थोड्या वेळाने मलाही हसू आलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी माझ्या चुकलेल्या उत्तरांची पुन्हा विभागणी केली. आतापर्यंत मी ती वेळेनुसार, लांबीनुसार, दिवसानुसार लावली होती. विषयानुसार लावायचं सुचलंच नव्हतं. सोडवलेल्या एकशे एकतीस उताऱ्यांपैकी बावन्न विज्ञानाचे निघाले आणि एकोणऐंशी बाकी सगळ्याचे, म्हणजे इतिहास, चित्रकला, व्यापार, कुणाचं बालपण, असे. बाकीच्यांवरच्या तीनशे पंचाण्णव प्रश्नांत माझी दोनशे ब्याऐंशी उत्तरं बरोबर होती. एकाहत्तर टक्के. विज्ञानाच्या दोनशे साठ प्रश्नांत अडुसष्ट. सव्वीस टक्के.

चार पर्यायांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून एकेक उचलली असती, तरी पंचवीस टक्के आली असती.

मी ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दोघांना आकडे वाचून दाखवले. आईने विचारलं, "म्हणजे जे तुला येतं तेच तुला येत नाही?"

"हो."

"आणि याचा तुला आनंद झालाय?"

झाला होता. खूप झाला होता. दोन वर्षं मला वाटत होतं की आपल्याला वाचताच येत नाही, आपल्या डोक्यात एक खोली कायमची बंद आहे. आता कळलं की वाचता चांगलं येतं. फक्त ओळखीचा विषय आला की मी वाचन थांबवून लेखकाची परीक्षा घ्यायला बसते. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले आणि दुपारी तासभर गाढ झोपले.

कारण कळलं तरी सवय जात नव्हती. दुसऱ्या दिवशी मधावरचा उतारा घेतला. लेखकाने लिहिलं होतं की मध कधीही खराब होत नाही. मी तिथेच थांबले.

"पुढे वाच," मामा म्हणाला.

"पण मामा, त्यात पाण्याचं प्रमाण वाढलं तर तो आंबतो."

"तुमच्या प्रयोगशाळेत गढूळ पाण्याची बाटली आली तर काय करतेस? आधी गाळतेस आणि मग गढूळपणा मोजतेस?"

"नाही. आली तशीच मोजते."

"मग हा गढूळ लेखक आलाय असं समज. गाळू नकोस त्याला."

मग त्याने मला त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. बसचं वेळापत्रक तपासायला आलं होतं. सगळ्या गाड्या अर्ध्या अर्ध्या तासाने, पाच दहा, पाच चाळीस, सहा दहा, आणि मध्येच एक सहा पस्तीस. मामाला वाटलं, छापताना चूक झालीय. त्याने सहा चाळीस केलं. ती गाडी मुद्दाम पाच मिनिटं आधी सोडायचे, पुढच्या फाट्यावर दुसरी गाडी गाठायची म्हणून. पहिल्याच दिवशी एकोणीस माणसं स्टँडवर राहिली.

"त्यातला एक छापखान्यात आला," मामा म्हणाला. "हातात सामान, घामाघूम. मला म्हणाला, तुम्हाला कुणी शहाणपणा करायला सांगितला होता? तेव्हापासून मी एक नियम पाळतो. मुळात जे आहे त्याला हात लावायचा नाही. पटलं नाही तर शेजारी समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. उत्तर द्यायचं काम ज्याचा मजकूर त्याचं."

"आणि तो मजकूर खरंच चुकीचा असला तर?"

"म्हणून तर प्रश्नचिन्ह काढायचं. चूक गिळायची नाही, आणि आपली दुरुस्ती त्याच्या तोंडात कोंबायची नाही."

त्याने माझ्याकडून एक जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून घेतली आणि तिला एका ओळीपुरती खाच पाडायला लावली. छापखान्यात ते अशीच पट्टी मजकुरावर ठेवून एकेक ओळ वाचतात. नियम दोन ठरले. वाचताना जिथे जिथे मला वाद घालावासा वाटेल तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. आणि प्रत्येक उत्तराला मामा विचारणार, "ओळ कुठली?" ओळ दाखवता आली नाही तर उत्तर रद्द, मग ते जगात कितीही खरं असो.

पहिल्या उताऱ्यात मी अकरा प्रश्नचिन्हं काढली. मामाने विचारलं, "किती झाली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "लेखक जिवंत आहे ना अजून?"

पण पाचपैकी चार उत्तरं बरोबर आली.

आम्ही रोज सकाळी तीन उतारे करायचो. मामा डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "मोजपट्टी, शब्द खाल्लास." तो मला लहानपणापासून मोजपट्टी म्हणतो. आणि खरंच मी 'बहुतेक' किंवा 'सहसा' असा एखादा शब्द गाळलेला असायचा. तो ऐकून कसं ओळखायचा माहीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वाक्य लंगडलं." दोन आठवड्यांत आलेखवहीतली आडवी रेघ वर वळली. अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तर, चौऱ्याहत्तर. मामाच्या डोळ्यावरची वाटी निघाली, नवा चष्मा आला, आणि तो स्वतःच्या घरी परत गेला. आईला चुकल्यासारखं झालं. दोन दिवस ती आपली आपणच डबे वाचत होती.

परीक्षेला सहा दिवस असताना चुंबकांवरचा एक उतारा आला आणि मला पाचपैकी एक मिळाला. पुढचा धातूंवरचा. त्यातही एकच. मी पुस्तक मिटलं. प्रयोगशाळेत जायच्या आधी मामाला फोन केला.

"सगळं परत तिथेच आलं, मामा."

"प्रश्नचिन्हं किती काढलीस?"

"एकही नाही."

"का?"

"आता सवय झालीय, गरज नाही असं वाटलं. वेळ वाचेल म्हणून."

"एकतीस वर्षं झाली मला, मी अजून काढतो," मामा म्हणाला. "तू तीन आठवड्यांत सोडून दिलीस? काढली नाहीस तर भांडण कुठे जाणार? डोक्यातच राहणार ना?"

मी फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच चुंबकांचा उतारा पुन्हा काढला. प्रश्नचिन्हं नऊ. बरोबर उत्तरं पाच. त्यातली काही आता आठवणीतून आलेली असू शकतात, म्हणून तो ठिपका मी आलेखात धरला नाही. पुढच्या पाच दिवसांत एकही प्रश्नचिन्ह गाळलं नाही.

परीक्षेच्या खोलीत चाळीस बाकं होती आणि माझं खिडकीपासून तिसरं. आकलनाच्या भागात सहा उतारे. पहिला एका शिल्पकारावर, दुसरा बाजारपेठांवर, तिसरा झोपेवर, चौथा एका प्रवासाचा. झोपेवरच्या उताऱ्यात माझी दोन प्रश्नचिन्हं झाली. पाचवा उतारा मी उघडला आणि पहिल्याच ओळीत शब्द होता, गाळ.

नदीतल्या गाळावरचा उतारा. ज्यासाठी मी ही परीक्षा देत होते तोच विषय. लेखकाने फार छान भाषेत लिहिलं होतं की नदी गाळ वाहून नेते ती फक्त पुराच्या दिवसांत. कोरड्या महिन्यांत ती विश्रांती घेते आणि तिचं पाणी निव्वळ पाणी असतं. मी स्वतः दोन वर्षं, दर महिन्याला, कोरड्या महिन्यांतसुद्धा, नदीच्या पाण्याचे नमुने गाळून गाळकागदावर राहिलेलं वजन मोजलं होतं. ते कधीच शून्य आलं नव्हतं.

तिसरा प्रश्न होता, लेखकाच्या मते कोरड्या महिन्यांत नदीच्या पाण्यात गाळ का नसतो? आणि पर्याय ब होता, 'गाळ असतो, पण तो अतिशय बारीक असतो.'

माझी पेन्सिल ब वर गेली. तिथे किती वेळ थांबली ते मी मोजलं नाही, आणि मोजलं नाही अशी ती सबंध परीक्षेतली एकच गोष्ट. मग मी पेन्सिल उचलून समासात नेली आणि एक प्रश्नचिन्ह काढलं. मोठं, ठसठशीत. मग वरच्या ओळीवर अजून एक. मग अजून पाच. एकूण सात झाली तेव्हा मला हातापायांतला ताण उतरल्यासारखा वाटला. लेखकाचं आणि माझं जे काही होतं ते आता समासात होतं, कागदावर, दोघांच्या मधोमध. मी स्वतःला मामाच्या आवाजात विचारलं, ओळ कुठली? ओळ आठवी होती. 'कारण तेव्हा तिच्या प्रवाहात गाळ उचलण्याइतका जोर नसतो.' पर्याय क. मी क चा गोल भरला.

सहावा उतारा झाला तेव्हा नऊ मिनिटं शिल्लक होती. मी सगळी उत्तरं एकदा पडताळली आणि एकही बदललं नाही.

बाहेर फाटकासमोर आई आणि मामा बाकावर बसले होते. आई कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती. मामा नव्या चष्म्यातून भिंतीवरची सूचना वाचत होता.

"'फाटकासमोर वाहन उभे करू नये' यात शेवटचा पूर्णविराम राहिलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "किती?"

"एकूण तेरा. एकाच उताऱ्यात सात."

"भांडलीस?"

"समासात."

"पेपर कसा गेला ते सांगाल का कुणी?" आई म्हणाली. "मला तुमची ती चिन्हं नकोत."

"बरा गेला, आई." मी म्हटलं. मागच्या दोन्ही वर्षी मी हेच शब्द बोलले होते आणि तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. या वेळी प्रत्येक उत्तराची ओळ मला माहीत होती. आम्ही तिघं चालतच घरी आलो. वाटेत मामाने सात पाट्या वाचल्या. आईने त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

निकाल तेवीस दिवसांनी लागला. सकाळी साडेदहाला लागणार होता, म्हणून मी प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ मॅडमना सांगून एक तास उशिरा जायचं ठरवलं. मामा आला होता. निकालाचं पान फोनवर उघडलं तेव्हा माझ्याच्याने बघवेना. आईने फोन माझ्या हातातून घेतला, तिलाही बघवेना, आणि तिने तो मामाकडे दिला.

मामाने चष्मा सारखा केला. अंगठ्याने पान खाली सरकवून पाहायचं सोडून तो अगदी वरून वाचायला लागला. परीक्षेचं पूर्ण नाव. वर्ष. आसन क्रमांक, एकेक आकडा सुटा.

"दादा!" आई म्हणाली.

"ओळ गाळायची नसते," मामा म्हणाला, आणि पुढे वाचू लागला. "उमेदवाराचं नाव. बरोबर आहे. प्रयत्न, तिसरा. विषय. कमाल गुण शंभर. प्राप्त गुण नव्वद. आकलन. कमाल गुण तीस. किमान आवश्यक गुण अठरा. प्राप्त गुण सव्वीस."